येते हं

१

होळी उलटली की येऊरच्या जंगलात फुलं बघायला जायचं, हा आम्हा दोघी बहिणींचा नेम. ठाण्यात, बाळकुमला राहायला आल्यापासून तो कधी चुकला नव्हता. लोक पावसाळ्यात डोंगरावर जातात, भिजतात, फोटो काढतात आणि भजी खाऊन परततात. जंगल खरं फुलतं ते मार्चमध्ये, जमीन तापायला लागल्यावर, आणि तेव्हा तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. ताईच्या मते त्यातलं हेच उत्तम.

यंदा ताईचा गुडघा आडवा आला. जानेवारीत शस्त्रक्रिया झाली, वॉकर सुटून हातात काठी आली, पण जिना अजून वर्ज्य होता. आमची इमारत जुनी, बिनलिफ्टची, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. भोवती टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या लिफ्टमध्ये म्हणे आरसे आहेत आणि गाणी वाजतात. आमच्या जिन्यात एक बल्ब आहे, आणि तो स्वतःच्या मर्जीने लागतो.

ताई म्हणजे सुहासिनी, माझी थोरली बहीण. ती शाळेत मराठी शिकवायची, मी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड बघायचे. जे दिसेल तेवढंच लिहायचं, 'असं वाटतं' हा शेरा तिथे चालत नसे, आणि तो मला घरीही चालत नाही. आम्ही दोघींनी लग्न केलं नाही. आईवडील गेले, चुलत-मावस भावंडं पांगली. आम्हाला एकमेकींशिवाय कुणी नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, आमचं छान चाललं होतं. पण ताईला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून माझ्या मनात आलं, ही परत आली नाही तर मी घरी जाऊन भांडणार कुणाशी?  ती परत आली, पण ती भीती पुरती गेली नाही.

त्या रविवारी मी एकटीच निघाले. म्हणजे खालच्या मजल्यावरची नंदा होती बरोबर, पण ताई नव्हती.

"जाते गं ताई."

"जाते काय? येते म्हण."

"गुडघा बदलला, तू मात्र तीच."

"म्हण आधी."

"येते."

"ये," ती समाधानाने म्हणाली. "आणि कुसर फुलली असेल तर नीट बघ. तोडू नकोस. मला नुसती सांग."

निघणाऱ्याने जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, आणि मागे राहणाऱ्याने ये म्हणायचं. जा हा शब्द दारात काढायचाच नाही. सगळ्याच घरांत असतं हे, पण आमच्या आईने ते फार कडक पाळलं, आणि ताईने तर शुद्धलेखनाच्या नियमासारखं. मी विसरते, ती दुरुस्त करते. इतक्या वर्षांत आता ते शब्द आपोआप तोंडातून बाहेर पडतात, अर्थाकडे कुणाचंच लक्ष नसतं.

२

उपवनच्या तळ्यापर्यंत रिक्षा केली आणि पुढे बसने वर गेलो. ऊन अजून कोवळं होतं. पळस सरत आला होता, पण कौशी ऐन भरात होती, एकही पान नसलेल्या फांद्यांना पोवळ्याच्या रंगाची फुलं लगडलेली. उक्षीचे फिकट हिरवे झुबके झाडाझाडांवर चढले होते. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झाल्या होत्या. नंदा प्रत्येक फुलासमोर मोबाईल धरून त्याला नाव विचारत होती आणि मोबाईल ठोकून देत होता.

"सुमेधा, हा म्हणतोय की हे ऑर्किड आहे."

"त्याला म्हणावं, घाणेरी आहे ती. बंद कर आणि बघ."

"बघतेय की. तूच मागे राहतेयस."

मागे राहत होते हे खरं. पुढे साग लागला. मार्चमध्ये सागाखालून चालणं म्हणजे पापडावरून चालणं. वाळकी पानं ताटाएवढी, एक पाऊल टाकलं तरी दहा झाडांपलीकडे ऐकू जातं. सरडा पळाला तरी माणूस आल्यासारखं वाटतं. नंदाचा चुरचुराट पुढे पुढे जात वळणापलीकडे गेला, आणि मला वास आला.

कुसर दिसायच्या आधी कळते. जाईचाच वास, पण थोडा रानटी, थोडा जड. वाटेपासून जरा आत, एका वठलेल्या झाडावर ती चढली होती आणि खालपर्यंत उतरून तिची भिंतच झाली होती. इतकी फुललेली कुसर मी आजवर पाहिली नव्हती. पानं दिसत नव्हती, नुसत्या पांढऱ्या चांदण्या. आता हे ताईला कसं सांगायचं, याची मनात जुळवाजुळव करत मी फुलांत तोंड घालून उभी राहिले. पक्षी मघाशी बोलत होते ते थांबले होते. ऊन चढलं की थांबतात.

जाळीच्या पलीकडून, हात पुढे केला तर लागेल इतक्या जवळून, एक बाई म्हणाली, "येते हं."

तो आवाज मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिला. अगदी घरगुती होता. हळदीकुंकवाला आलेली बाई, बराच वेळ बसून, पदर सावरत उठते आणि म्हणते, तसा. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

आणि मी, मान वर न करता, म्हटलं, "हो, या."

कुणी आपला निरोप घेतला की आपण जे म्हणतो ते. मग मी त्या बाईच्या जाण्याची वाट पाहिली. म्हणजे पाचोळा वाजायची. एक पान वाजलं नाही.

मी जाळीला वळसा घालून पलीकडे गेले. माझ्याच पावलांचा एवढा गोंगाट झाला की मला लाज वाटली. पलीकडे कोरडा ओहळ होता, आणि त्याच्या काठापर्यंत सागाची पानं जशी पडली होती तशीच, एकावर एक, न तुडवलेली. उभं राहायला जागा म्हणावी तर एका माणसापुरती होती. तिथे कुणी नव्हतं.

वळणापलीकडे नंदा पाणी पीत बसली होती.

"कुणाशी बोलत होतीस गं?"

"एक बाई होत्या. इकडून गेल्या का?"

"इकडून कुणी नाही गेलं. काय म्हणत होत्या?"

"काही नाही. येते म्हणाल्या."

"आणि तू?"

"या म्हटलं. काय म्हणणार?"

नंदा हसायला लागली. "म्हणजे ओळख ना पाळख, तू त्यांना घरी बोलावलंस की."

मीही हसले. बसमध्ये मात्र मी स्वतःला नीट समजावलं. त्या बाई ओहळातून उतरल्या असतील. ओहळात पानं कमी असतात. येते हं हे त्या मला म्हणाल्याच नसतील, मोबाईलवर कुणाला तरी म्हणाल्या असतील. दोन्ही स्पष्टीकरणं चांगली होती. तरी उपवनला उतरल्यावर मी एकदा मागे वळून पाहिलं.

३

बेल वाजवली तर ताईला दाराशी यायला वेळ लागला. आधी काठी, मग घासत येणारं पाऊल. हा आवाज आता मला पाठ झाला होता.

"आता परत बेल कशाला?" ती म्हणाली. "मघाशी आलीस तशी ये की."

"मघाशी कधी?"

"आत्ता गं. सरळ आतल्या खोलीत गेलीस. मी म्हटलं, दमली असेल, लोळू दे जरा. खाली कधी उतरलीस परत?"

"मी आत्ता येतेय, ताई. नंदाला विचार."

ती वळून खुर्चीकडे निघाली. मग म्हणाली, "डोळा लागला असेल माझा. त्या गोळ्या फार झोप आणतात." खुर्चीत बसून तिने काठी शेजारी टेकवली. "बरं, सांग. होती का?"

मी सांगितलं. जमेल तितकं चांगलं सांगितलं, कौशी, उक्षी, आणि भिंत होऊन उतरलेली कुसर. बाईचं सांगितलं नाही. ऐकताना ताईचा चेहरा आधी खुलला आणि मग हळूहळू उतरला.

"सुमे, तोडून आणलीस ना?"

"नाही गं."

"खोटं नको बोलू. घरभर वास येतोय."

वास येत होता. मी पिशवी उपडी केली. पाण्याची बाटली, टोपी, रुमाल. केस झटकले, ओढणी झटकली. एक पाकळीही पडली नाही. कपड्यांना लागला असेल वास, म्हणत मी न्हाणीघरात जाऊन आंघोळ केली आणि कपडे भिजत घातले.

बाहेर आले तेव्हा वास आतल्या खोलीतून येत होता. ती खोली दोन पलंग आणि एक कपाट एवढीच. तिथे जाऊन मी कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, आणि माझं मलाच हसू आलं. या वयात पलंगाखाली बघायचं म्हणजे काय. खिडकी उघडून ठेवली. संध्याकाळपर्यंत वास बराच कमी झाला.

४

विमलाबाई आमच्याकडे सकाळी भांड्यांना येतात. मूळच्या बाळकुम गावातल्या, टॉवर यायच्या आधीपासूनच्या. पुढच्याच आठवड्यात एकदा त्या आल्या त्या तक्रार घेऊनच.

"ताई, मोठ्या ताईंना येकटं जिन्यान कशाला सोडलं? पडतील की."

"कुणाला सोडलं?"

"मोठ्या ताईंना. आता येताना भेटल्या ना मला. भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. मला म्हनल्या, येते हं. मी म्हटलं, या. म्हटलं, दम घेत असतील."

मी आत बोट दाखवलं. ताई खिडकीशी चहा पीत वर्तमानपत्र वाचत होती. विमलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिसऱ्या मजल्यावर पाहुणे आले असतील," मी म्हटलं.

"आसंल," त्या म्हणाल्या. भांडी त्यांनी भराभर घासली. एरवी निघताना त्या दारातून येते गं ताई म्हणून ओरडतात, आणि आतून ताई ये गं विमल म्हणते. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. चप्पल घातली आणि गेल्या.

तिसऱ्या मजल्यावर पाहुणे आले नव्हते. मी चौकशी केली. नसती केली तर बरं झालं असतं.

त्यानंतर एका सकाळी मी भाजी आणायला खाली गेले. परत आले तर ताई हसत होती.

"विसरभोळी झालीस हं. दोन दोनदा काय निरोप घेतेस?"

"म्हणजे?"

"येते म्हणालीस, मी ये म्हटलं. जरा वेळाने पुन्हा दारातून येते म्हणालीस. मी पुन्हा ये म्हटलं. पिशवी विसरली होतीस का?"

मी मेथीची जुडी ओट्यावर ठेवली आणि नळाखाली हात धरले. धुण्यासारखे नव्हते, पण काहीतरी करायला हवं होतं. मला भीती वाटत होती. आधी जंगलात, मग जिन्यात, आता दारात. आणि तिन्ही वेळा आमच्यापैकी कुणीतरी भल्या मनाने, सवयीने, ये म्हटलं होतं.

हे मी लॅबमधल्या कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी माझंच रक्त तपासायला घेतलं असतं. मी स्वतःशी वाद घातला. ताई गोळ्या घेते. विमलाबाईंना लांबचं दिसत नाही. मला एका सुट्ट्या वाक्याचं वेड लागलंय आणि आता मी सगळं त्याला जोडतेय. वाद मी जिंकत होते. पण दुपारी ताई समोर खुर्चीत बसलेली असताना आतल्या खोलीत कुणीतरी चालायचं. अनवाणी, सावकाश, दोन्ही पावलं सारखी टाकत. काठी नाही, घासणं नाही. पलंगापासून खिडकीपर्यंत, आणि परत. वरच्या मजल्याचा आवाज कधी कधी असा आपल्याच घरातून आल्यासारखा वाटतो, हे मला माहीत आहे. मी उठून बघायला मात्र गेले नाही.

५

"ताई, यापुढे आपण येते म्हणायचं नाही," मी एका सकाळी म्हटलं.

"मग काय म्हणायचं?"

"निघते म्हणू. टाटा म्हणू. काहीही म्हणू. आणि कुणी येते म्हटलं तर उत्तर द्यायचं नाही."

मला वाटलं, ती चिडेल. चाळीस वर्षं पोरांना मराठी शिकवलेली बाई, तिला मी दारातला शब्द बदलायला सांगत होते. ती चिडली नाही. काठीची मूठ अंगठ्याने चोळत बसली.

"तुलाही ऐकू येतं का?" तिने विचारलं.

 "काय?"

"दुपारी तू स्वयंपाकघरात असतेस ना, तेव्हा. आतल्या खोलीतून कुणीतरी म्हणतं, येते हं. आधी मला वाटायचं तूच. मग एकदा तू माझ्यासमोर होतीस आणि तरी ऐकू आलं. तुला नाही आलं. म्हटलं, गोळ्या. तुला कशाला घाबरवू."

"आणि तू काय म्हणतेस तेव्हा?"

"ये म्हणते."

"ताई."

"मग काय म्हणू? घरातून निघालेल्या माणसाला दुसरं काय म्हणतात?" तिचा आवाज बारीक झाला. "रोज निघते म्हणते गं ती. निघत मात्र नाही."

मग मी तिला जंगलातलं सगळं सांगितलं. कुसरीपलीकडची बाई, माझं 'हो, या', आणि न वाजलेली पानं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. अशा वेळी ती मला वेड्यात काढते, आणि त्याचाच मला आधार असतो. या वेळी तिने काढलं नाही.

"तिला जा म्हणायला हवं," मी म्हटलं.

"जा कसं म्हणायचं कुणाला?"

"मी म्हणते. पुन्हा येते म्हणाली की मी म्हणेन. सरळ जा. तेवढंच राहिलंय."

"नको, सुमे. वाईट दिसतं ते. कोण असेल, कुठली असेल."

"मला तू हवी आहेस या घरात," मी म्हटलं, आणि मला रडू आलं, जे सहसा येत नाही. "बाकी कुणी नकोय."

ताईने माझा हात धरला. तिच्या हाताला कुसरीचा वास येत होता. मी हात सोडवून घेतला नाही, पण मला तो सोडवावासा वाटला, हेही खरं.

विषय बदलायला ती म्हणाली, "व्यायाम शिकवणारी मुलगी काल म्हणत होती, आता जिना उतरून बघायला हरकत नाही. आज संध्याकाळी बघते."

"एकटी मुळीच नाही. उद्या मी नेईन."

"तू माझ्यापेक्षा जास्त घाबरतेस. तुला बरोबर घेतलं तर दोघी पडू."

"ताई, उद्या म्हटलं ना."

ती हं म्हणाली. ताईचं हं म्हणजे हो की नाही, हे मला आयुष्यभर कळलेलं नाही.

६

जेवण झाल्यावर ती आडवी झाली. मी भांडी आवरली, ओटा पुसला, आणि मेथी निवडायला घेण्याआधी आतल्या खोलीत डोकावले. ताई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, चादर खांद्यापर्यंत ओढलेली. श्वास संथ चालला होता. मी हलकेच दार लोटलं, शेजारच्या न्हाणीघराच्या लागलेल्या दाराकडे लक्ष दिलं नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालची गल्ली दिसते. मी खिडकीशी स्टुलावर बसले, बाहेरच्या दाराकडे पाठ. ऊन उतरायला लागलं होतं. समोरच्या टॉवरचं काम नेमकं थांबलं होतं, इतकं शांत होतं की मेथीचा देठ मोडला तरी ऐकू येई.

बाहेरच्या दाराची साखळी निघाली.

"सुमे, येते हं."

ताईचाच आवाज. हुबेहूब. थोडा लाडिक, थोडा चोरटा, ताई माझ्यापासून काही लपवून करते तेव्हा होतो तसा. मी तयार होते. इतके दिवस ज्या क्षणाची मनात उजळणी करत होते तो हाच होता, आणि मला आश्चर्य वाटलं की मी किती शांत आहे. मी वळले नाही. वळायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

"जा," मी म्हटलं.

दारात काही हललं नाही.

"ऐकलंस ना? जा. पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. तू आम्हाला नको आहेस."

 मग अगदी हळू, "बरं."

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले. मला हसावंसं वाटलं. किती साधं होतं. एक शब्द, आपण उगीच आयुष्यभर जिभेवर येऊ देत नाही तो. आता ताई उठली की तिला चहा देऊन सांगायचं, मी म्हटलं आणि ती गेली. ती म्हणेल, वाईट दिसलं गं. म्हणू दे.

जिन्यात ठक असं झालं. मग काहीतरी घासलं. मग पुन्हा ठक.

मेथी माझ्या हातातच राहिली. मी ऐकत होते आणि ऐकू नये असं मला वाटत होतं. इतक्या दिवसांत त्या दुसरीच्या चालण्यात काठी कधी वाजली नव्हती, आणि चोरून निघायचं तर दारापर्यंत काठी उचलूनही धरता येते.

आतल्या खोलीतून झोपाळलेल्या आवाजात ताईने विचारलं, "कोण होतं गं?"

देवा, ताई आत आहे. मी श्वास सोडला. "कुणी नाही," मी म्हटलं. "झोप तू."

आणि तरी मी उठून खिडकीच्या गजांना डोकं लावलं. फाटकातून एक बाई बाहेर पडत होती. ताईचा सुती निळा गाऊन, वर ओढणी, हातात काठी. एका हाताने कंपाउंडची भिंत धरत, आधी चांगला पाय आणि मग दुखरा ओढत ती निघाली होती, आणि भिंत धरलेला हात मधूनच डोळ्यांशी नेत होती. कुठे जायचं ते ठरलेलं नसलेल्या माणसासारखी चालत होती ती. कोपऱ्यावर रिक्षा उभ्या असतात. तिथवर पोचली की ती दिसेनाशी होणार होती.

आतल्या खोलीचं दार उघडलं. पावलं बाहेर आली. अनवाणी, सावकाश, दोन्ही सारखी पडणारी. बाहेरच्या खोलीतून ती स्वयंपाकघराकडे वळली, आणि त्यांच्या पुढे पुढे कुसरीचा वास आला.

खालच्या बाईला थांबवायला हवं होतं. आत्ता, ती कोपऱ्यावर पोचायच्या आत. मी जिना उतरेपर्यंत ती गेली असती, आणि जिन्याकडे जायचं तर मागे वळावं लागलं असतं. तिला परत बोलवायला माझ्याजवळ एकच शब्द होता. दुसरा शोधत मी किती वेळ घालवला कोण जाणे, थांब म्हटलं तर ती नुसती थांबली असती, पण जा पुसून टाकायला आपल्या भाषेत दुसरा नाही.

"ताई," मी गजांतून ओरडले, "ताई, ये."

खालची थांबली. तिने मान वर केली. ताईच होती, रडून लाल झालेले डोळे, मला शोधणारे. काठी वळवून ती फाटकाकडे परतायला लागली.

आणि माझ्या मानेमागे, अगदी जवळून, कुणीतरी मायेने म्हणालं, "आले हं."